भाकितांचा उन्हाळा

सप्टेंबरअखेरीस नियमाने घड्याळं एक तासाने पुढे सरकली, की आमच्या लोअर हटमध्ये दोन गोष्टी होतात. कोफायची झाडं पिवळीधमक होतात आणि माझे कान नदीकाठच्या मैदानाकडे लागतात. कोफाय म्हणजे बहाव्याची इकडची चुलत बहीण. बहावा कसा ऐसपैस झुंबरं सोडतो. ही आपली मुठीत धरून, जरा लाजत फुलं दाखवते. तिच्यावर टुई पक्षी उलटे लटकून मध पितात आणि मधूनच घसा बसलेल्या गवयासारखे खाकरतात. वारा असतोच. वेलिंग्टनच्या आसपास वारा नसलेला दिवस उगवला, तर लोक एकमेकांना फोन करून सांगतात. त्या वाऱ्यावरून नदीकाठच्या मैदानावरच्या ताज्या कापलेल्या गवताचा वास स्वयंपाकघरापर्यंत येतो, आणि मला कळतं, बेसबॉलचा सीझन आला.

मी बेसबॉलचा चाहता आहे हे आमच्या पुण्याच्या घरी अजून कुणाला पटलेलं नाही. आई व्हिडिओ कॉलवर विचारते, "अरे, ते दांडक्याचं अजून चालू आहे का तुझं?" जणू मी कुठल्यातरी बुवाच्या नादी लागलोय. तसा लागलोच होतो म्हणा. फरक इतकाच की बुवाही मीच होतो. दर सीझनच्या सुरुवातीला मैदानाच्या तारेच्या कुंपणाला रेलून मी भाकितं करायचो. कोण जिंकणार, कोण ढेपाळणार, कोण पुढे जाऊन नाव काढणार. हवामानखात्याकडे निदान उपग्रह तरी असतात. माझ्याकडे होता फक्त पुण्यातल्या बोळात रबरी चेंडूने खेळलेल्या क्रिकेटचा अनुभव, तोसुद्धा बहुतेक वेळा बाराव्या गड्याचा.

परवाच्या शनिवारी त्याच मैदानावरून चाललो होतो. हेमी गवत कापत होता. हेमी आमच्या क्लबचा कोच. तोच गवत कापतो, तोच रेषा आखतो, सॉसेज भाजायलाही तोच उभा राहतो. त्याने यंत्र बंद केलं.

"किया ओरा, शिरीष! मग, यंदा काय म्हणतायत तुझे ग्रह?"

"ग्रह निवृत्त झाले, हेमी."

"वाचलो," तो म्हणाला. मग कपाळावरचा घाम पुसत, जरा हळू आवाजात, "एक जागा रिकामी आहे रे. ईरा येईल का परत? विचारून बघ."

माझी मुलगी ईरा आता चौदा वर्षांची आहे. तिने बेसबॉल सोडून तीन उन्हाळे होत आले. खरं सांगायचं तर हेमीने विचारायच्या आधीपासून, कोफायला पहिली कळी दिसली तेव्हापासून, माझी यंदाची एकच इच्छा होती. सामने-बिमने कोणीही जिंको. तिने एकदा पुन्हा त्या मैदानावर उतरावं आणि मी कुंपणापाशी उभं राहून गप्पपणे बघावं. गप्पपणे, हे महत्त्वाचं.

मुळात मी तिला क्रिकेटला घालणार होतो. आठ वर्षांची होती. "क्रिकेट इज सो लाँग, बाबा," म्हणाली आणि शाळेतल्या मैत्रिणीबरोबर परस्पर बेसबॉलला जाऊन आली. मी पहिल्या शनिवारी मैदानावर गेलो तो नाकं मुरडायलाच. हे काय, पॅड नाहीत, स्टंप नाहीत, चेंडू टप्पा न घेता येतो, आणि मारलेला चेंडू मागे गेला तर त्याला कोणी विचारतही नाही! लेट कटचं दुःख मला बराच वेळ सलत होतं. पण मग कोणीतरी माझ्या हातात एक जुना ग्लव्ह दिला. तेल पिऊन पिऊन मऊ पडलेलं ते चामडं, त्याचा तो घोड्याच्या खोगिरासारखा वास, आणि त्यात चेंडू येऊन बसला की होणारा तो भरीव, समाधानी आवाज. मी त्या आवाजाला भुललो. माणसं कशाकशाने वाया जातात!

त्यानंतर मी शहाण्यासारखं थोडक्यात आवरलं नाही. अमेरिकेतले सामने बघू लागलो. तिकडची संध्याकाळ म्हणजे इकडची दुसऱ्या दिवशीची दुपार. ऑफिसच्या लंचमध्ये एका हातात पोळीभाजीची गुंडाळी आणि दुसऱ्या हातात फोन, असा मी बसायचो. तिकडे वसंतात नव्या सीझनच्या आशा पालवायच्या, तेव्हा आमच्याकडे पानगळ असायची. आणि आमच्याकडे कोफाय फुलायची, तेव्हा तिकडे शेवटचे सामने चाललेले. वर्षातून दोनदा नवा सीझन. म्हणजे वर्षातून दोनदा चुकायची सोय.

आणि चुकलो तरी किती! पहिल्या वर्षी जाहीर केलं, "यंदा आपण सगळे सामने मारणार." एक सोडून सगळे हरलो, तो एक जिंकलो कारण समोरच्या टीमची गाडी वाटेत बंद पडली. मी लगेच म्हणालो, "बघा, एक तरी जिंकणार हे मला माहीत होतं." दुसऱ्या वर्षी एका उंच मुलाच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं, की हा पोरगा मोठा पिचर, म्हणजे इथला गोलंदाज, होणार. पुढच्या आठवड्यात तो रग्बीला निघून गेला. माझी बायको मुग्धा फार्मसीत काम करते, ती म्हणाली, "शिरीष, तुझा हात औषधासारखा आहे. लेबल वाचल्याशिवाय कुणाला लावू नकोस."

ईराबद्दलची भाकितं मात्र मी गंभीरपणे करायचो. बारा वर्षांची होईतो वेलिंग्टनच्या संघात. सोळाव्या वर्षी देशाच्या संघात. मग अमेरिकेत कॉलेज, शिष्यवृत्तीवर. हे मी पुण्यात आईला सांगितलं होतं, ऑफिसात सांगितलं होतं, एकदा डेअरीत दूध घेताना काउंटरवरच्या पटेलभाईंनाही सांगितलं होतं. ईरा तेव्हा दहा वर्षांची होती आणि तिला बॅटिंगपेक्षा डगआउटमधल्या बाकावर बसून मैत्रिणीच्या वेण्या घालायला जास्त आवडायचं. ते मला दिसत होतं, पण मी ते सरावाबाहेरच्या वेळेत धरायचो.

मला जो उन्हाळा राहून राहून आठवतो, तो दोन हजार सोळाच्या शेवटचा. सुरुवात दसऱ्यापासून झाली. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. पुण्याला वडील स्कूटर आणि पान्ह्यांची पेटी पुजायचे. इकडे मी लॅपटॉप, ड्रिल आणि गवत कापायचं यंत्र मांडतो. त्या वर्षी त्यांच्या रांगेत ईराची बॅट, ग्लव्ह आणि क्लबने सरावाला दिलेले चेंडू आले. मुग्धाने हळदकुंकू वाहिलं, मी जरा जास्तच वाहिलं. दुसऱ्याच दिवशी सामना, आणि चेंडू कमी पडले म्हणून हेमीने आमच्या पिशवीतला एक काढून पिचरकडे टाकला. दोन-तीन चेंडू पडले असतील. अंपायर, साठी उलटलेल्या एक धिप्पाड बाई, त्यांनी खेळ थांबवला. पिचरची बोटं लाल. चेंडू लाल. बेसबॉलमध्ये चेंडूला परकं काही लावणं म्हणजे फसवणूक, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

कोणी बोलावलं नसताना मी मैदानात शिरलो. म्हटलं, मॅडम, गैरसमज नको. काल आमच्यात हत्यारांची पूजा होती.

'हत्यारं' हा शब्द मी इंग्रजीत उच्चारला आणि दोन्हीकडचे पालक खुर्च्यांवर सावरून बसले. ईराने ग्लव्ह तोंडावर धरला. हेमी धावत आला. हेमी माओरी, त्यांच्यात सामन्याआधी कराकिया म्हणतात, म्हणजे प्रार्थनाच. तो अंपायरबाईंना म्हणाला, "आशीर्वाद आहे तो. चेंडूला मिळालेला."

बाईंनी चेंडू उलटसुलट करून पाहिला. "आशीर्वाद चालेल," त्या म्हणाल्या. "पावडर चालणार नाही."

हा किस्सा मी त्या दिवाळीत मराठी मंडळाच्या फराळाला सांगितला तेव्हा लोक खुर्चीतून घसरले. मी अंपायरबाईंचा आवाज काढला, हेमीचं धावणं करून दाखवलं, ईराचा ग्लव्हमागे लपलेला चेहराही करून दाखवला. तिथेच होती ती, पोरांच्या घोळक्यात, चकलीचा तुकडा मोडत. घरी जाताना गाडीत म्हणाली, "यू डिडन्ट हॅव टु डू माय फेस."

"अगं, गंमत गं," मी म्हणालो.

डिसेंबर आला, पोहुतुकावाची झाडं फुलांनी लाल झाली. शनिवारच्या सकाळी गाडीच्या मागच्या सीटवर सनस्क्रीनचा चिकट वास, ओल्या टॉवेलांखाली पोहायचे टॉग्ज, जँडल्समधली, म्हणजे रबरी चपलांमधली, वाळू, आणि डब्यात मुग्धाचे बटाटेवडे. सॉसेजच्या शेजारी आमच्या वड्यांची वेगळी रांग लागायची. त्या महिनाभर ईरा खरोखर सुंदर खेळली. मला खेळाची तितकी जाण नव्हती, पण तिच्या उभं राहण्यात काहीतरी बदललं होतं. दहा वर्षांची पोर बॅट धरून उभी असायची, आता अकरा वर्षांची खेळाडू उभी राहू लागली. मी कुंपणापाशी फुगून दोन माणसांची जागा अडवायचो. त्या दिवसांतलं माझं प्रत्येक वाक्य मला पाठ आहे. कोणाला काय म्हणालो, कोण कसं हसलं. सामन्यांचे निकाल मात्र आठवत नाहीत, हे आता लक्षात येतं तेव्हा चमत्कारिक वाटतं.

मार्चमध्ये शेवटचा सामना. जिंकलो असतो तर कप. हे कपाचं भाकीत मी दसऱ्यालाच करून ठेवलं होतं, त्यामुळे माझी इज्जत पणाला लागलेली. शेवटचा डाव, तीनपैकी दोघी बाद, आमची एक मुलगी धावेच्या वाटेवरच्या तिसऱ्या टप्प्यावर, म्हणजे तिसऱ्या बेसवर, टपून बसलेली, एका धावेने मागे. बॅटिंगला ईरा. तिने चेंडू मारला; जोरात नाही, घसटत, सरळ पिचरच्या दिशेने गेला. पिचर पोरीच्या हातातून तो निसटला.

आता बेसबॉलचा साधा नियम असा, की चेंडू पुढे मारला की पहिल्या बेसकडे पळायचंच. विचारायचं नाही, थांबायचं नाही. हे मला पाठ होतं. पण पाठ असणं डोक्यात असतं आणि बोळातलं क्रिकेट नरड्यात असतं. चेंडू सरळ गोलंदाजाकडे जाताना पाहिला आणि माझ्या नरड्यातून आभाळ फाडून निघालं, "नकोऽऽ! मागे! मागे फीर!"

त्या मैदानावर मराठी कळणारी तीनच माणसं होती. त्यातली एक पळत होती. ती थांबली. खरंच थांबली, आज्ञाधारक मुलीसारखी, आणि वळून माझ्याकडे बघितलं. पिचरने चेंडू उचलला, पहिल्या बेसकडे फेकला. संपलं.

बाकी सगळ्यांना वाटलं, पोरगी घाबरून गोठली. कुणीतरी तिच्या पाठीवर हात फिरवत म्हणत होतं, असं होतं बाळा, सगळ्यांचंच होतं. मी धावत हेमीकडे गेलो, म्हटलं, माझी चूक, मी ओरडलो, आमच्या भाषेत ओरडलो. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याला हसू आवरेना. "मेट," तो म्हणाला, "म्हणजे समोरच्या टीमचा सगळ्यात चांगला खेळाडू कुंपणाबाहेर होता!" मीही हसलो. सगळ्या पालकांना बोलावून बोलावून सांगितलं. पुन्हा एकदा ओरडून दाखवलं. लोक पोट धरून हसले. मला वाटलं, चला, पोरीवरचं बालंट गेलं. गाडीत तिला विचारलं, "रागावलीस का?" ती म्हणाली, "इट्स फाइन, बाबा." मुग्धा खिडकीबाहेर बघत होती. तिने माझ्या मांडीला चिमटा काढला. त्याचा अर्थ 'आता पुरे' असा होता हे मला कळलं. पण मला थांबता येत नाही.

गुढीपाडव्याला मी तो किस्सा उलथन्याची बॅट करून सांगितला. गणपतीत रिकार्टनहून आलेल्या मित्रांनी फर्माइश केली, "शिरीष, ते 'मागे फीर' होऊन जाऊ दे!" झालं. पाहुण्यांना हसवण्याइतका सोपा मोठेपणा जगात दुसरा नाही. दर वेळी ती पोरगी माझ्या गोष्टीत तशीच थांबायची, तशीच वळून बघायची, आणि बाद व्हायची. माझी गोष्ट दर वेळी थोडी सुधारत गेली. तिला मात्र तीत पहिल्या बेसपर्यंत पोहोचायची सोय नव्हती.

पुढचा ऑक्टोबर आला. मी नवी भाकितं तयार ठेवली होती. क्लबकडून नावनोंदणीचा मेसेज आला, मी तिला दाखवला. ती "नंतर" म्हणाली. मग पुन्हा "नंतर". मग एक दिवस शाळेतून वाका आमाचं नाव घालून आली. लांबलचक होडी, सहा जणी वल्ही मारतात, किनाऱ्यावरून पाहिलं तर सगळ्या सारख्याच दिसतात. मी विचारलं, "अगं पण बेसबॉल तुला आवडायचं ना?"

"आय लाइक्ड इट हीप्स," ती म्हणाली. मग जरा थांबून, समजुतीच्या सुरात, जसं मोठं माणूस लहान मुलाला सांगतं तसं, "यू लाइक्ड इट मोअर."

मी नेहमीप्रमाणे विनोद केला. कुठला ते सांगत नाही, चांगला नव्हता.

चाहता नावाचा प्राणी मोठा विचित्र. चालू सीझन त्याच्या डोळ्यांसमोर असतो आणि त्याचं मन पुढच्या सीझनमध्ये हिंडत असतं. पुढच्या वर्षी बघा, पुढच्या वर्षी नक्की. मी अकरा वर्षांच्या मुलीकडे बघताना सोळाव्या वर्षाची खेळाडू बघत होतो. ती सोळावर्षीय खेळाडू काही आली नाही, आणि तिची वाट बघण्यात अकरा वर्षांची मुलगी माझ्यासमोरून निघून गेली. मुग्धा असल्या वेळी म्हणते, "तू फार नाटकी बोलतोस." असेलही. पण मुग्धाकडे ईराच्या त्या उन्हाळ्याच्या किती बारीकसारीक आठवणी आहेत. खेळून आली की मोजे उलटे काढायची. डाव्या कोपरावर सतत एक पट्टी असायची. मैदानात उभी असताना स्वतःशी गाणं पुटपुटायची. हे सगळं मुग्धा गॉगल लावून, मासिक वाचत, मैदानाकडे फारसं न बघता बघत होती. मी एकटक बघत होतो आणि मला पट्टी आठवत नाही.

तर, हेमीने विचारलं त्याच शनिवारी मी ईराला आणायला पेटोनीच्या किनाऱ्यावर गेलो. केस ओले, खांद्यावर टॉवेल, पायांना वाळू. गाडीत बसल्या बसल्या तिने केळं सोललं. समोर समुद्र, वाऱ्याने सगळा चुरगळलेला.

"हेमी भेटला होता," मी म्हणालो.

"आय नो. ही मेसेज्ड मी."

"मग?"

"नो, बाबा. आय अ‍ॅम ऑल गुड."

एवढंच. राग नाही, रुसवा नाही. दुकानदाराने पिशवी हवी का विचारावं आणि आपण नको म्हणावं, तसं. मी किल्लीला हात लावला आणि लावून तसाच बसलो. मनात होतं की ठीक आहे म्हणावं. पण तोंडाने मला आयुष्यात कधी साथ दिलेली नाही.

"अगं पण तो होम रन! तो तरी आठवतो की नाही?"

ती केळं खात होती. "यू टेल इट," म्हणाली.

आणि मी सांगितला. स्टिअरिंग सोडून, दोन्ही हातांनी. तो डिसेंबरातला शनिवार, मुग्धा फार्मसीत ड्युटीवर, अप्पर हटची ती दांडगी पिचर, आणि कुंपणापाशी कुत्र्याला घेऊन उभे असलेले एक आजोबा. मी त्यांना सकाळपासून सांगत होतो की आज माझी मुलगी चेंडू कुंपणाबाहेर टाकणार. ते म्हणत होते, बरं बरं. मग तो आवाज. चेंडू वर, आणखी वर, कुंपणाबाहेर, रस्त्यापलीकडे नदीच्या बांधावर! आणि आजोबांचं कुत्रं दोरीसकट सुटलं ते चेंडू घेऊन थेट नदीत! आणि मी आजोबांना म्हणालो, "सांगितलं होतं की नाही? सकाळीच सांगितलं होतं!"

कुत्र्यापाशी ती हसली. खूप दिवसांनी माझ्या गोष्टीला हसली. मला बरं वाटलं.

"अँड देन?" तिने विचारलं.

"मग काय, चारही बेस फिरून आलीस."

"नो, मी काहीतरी केलं. अ‍ॅट थर्ड. व्हॉट डिड आय डू?"

मी आठवू लागलो. बांध दिसत होता. कुत्र्याची भिजलेली शेपटी दिसत होती. आजोबांचं उघडं तोंड, त्यांच्या नाकासमोर नाचणारं माझं स्वतःचं बोट, सगळं लख्ख.

"हात वर केलेस."

"नोप."

"हेल्मेट उडवलंस?"

"नोप." ती खिडकीतून समुद्राकडे बघत होती. "यू हॅड युवर बॅक टु मी, बाबा."

स्कोअर सांगावा तसं म्हणाली. म्हणजे तिला तेव्हाच दिसलं होतं. तिसऱ्या बेसवरून तिने कुंपणाकडे बघितलं असणार आणि तिला माझी पाठ दिसली असणार, घामाने शर्ट चिकटलेली, आनंदाने हलणारी.

"मग काय केलंस? सांग ना."

तिने केळ्याचं साल नीट घडी करून पिशवीत ठेवलं. पट्टा ओढून लावला. विचार केला.

"नाही सांगणार," ती म्हणाली आणि रेडिओ लावला.

हेमी तेव्हा तिसऱ्या बेसपाशीच उभा होता. पळणाऱ्यांना खुणा करायला तो नेहमी तिथेच उभा असतो. त्याला विचारलं, तर एका वाक्यात सांगेल. दर शनिवारी तो मैदानावर असतो, मी तिथूनच जातो, आम्ही हात हलवतो, वाऱ्याबद्दल बोलतो. मी अजून विचारलेलं नाही.